मोर्तबाखालची ओळ

आमच्या मोडी वाचनाच्या गटात एकशेचाळीस माणसं आहेत आणि ती सगळी ईमेलवर भेटतात. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "व्हॉट्सअ‍ॅप का नाही?" मी म्हणते, मोडीचा कागद एकदा व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून बघा. शिरोरेघ आधीच ओळभर ओढलेली, शब्द तोडलेले नाहीत, हात न उचलता एका दमात लिहिलेलं. असल्या कागदाचा फोटो दाबून लहान केला की बोरूची बारीक वळणं धुरकट होतात आणि मग बारा जण बारा वाचनं लावत बसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर नीट जातं, हे खरंय. ते दर वेळी लक्षात ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय सहा महिन्यांपूर्वी कुणी 'तसरुफ' कसं लावलं होतं ते शोधायचं असेल, तर मधल्या सुप्रभात आणि वाढदिवसांच्या ढिगाऱ्यातून कोण उकरणार?

बरीच वर्षं आम्ही एका फुकटच्या सेवेवर होतो. ती बंद झाली. फुकटच्या गोष्टी कधी ना कधी बंद होतात, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. गुरुजी म्हणजे आमच्या गटाचा कणा. निवृत्त मुख्याध्यापक, साताऱ्याकडचे, वय शहात्तर.

"अगं, तुझा तो सर्व्हर आहे ना? त्यावर आपली सोय होईल का?"

'तो सर्व्हर' म्हणजे महिन्याच्या भाड्याने घेतलेलं एक इवलंसं यंत्र. एक जीबी मेमरी, एक कोअर, पंचवीस जीबी डिस्क, त्यावर डेबियन हे लिनक्स. माझी आणि दोन मैत्रिणींची ईमेल तिथे चालते. नोकरीत मी याच्या शंभरपट मोठी यंत्रं सांभाळते, त्यामुळे "होईल की" म्हणून मोकळी झाले. एकाला आलेलं पत्र एकशेचाळीस जणांना पाठवायचं, त्यात काय एवढं?

पहिल्या आठवड्यात मी खरोखरच एका ओळीत काम उरकलं. सर्व्हरवरचं टपाल नेण्या-आणण्याचं काम पोस्टफिक्स हे सॉफ्टवेअर करतं. त्यात टोपणनावांची एक फाइल असते. या पत्त्यावर आलेलं त्या सगळ्या पत्त्यांवर पाठव, असं तिथे लिहिलं की झालं. आठदहा भावंडांच्या गटाला ही युक्ती पुरते, आणि त्यांनी याच्या पलीकडे जाऊही नये. आमच्याकडे मात्र गुरुजींनी पहिलं पत्र टाकलं आणि त्यांच्याच डब्यात अकरा उलट पत्रं येऊन पडली. कुणाचा पत्ता बंद झालेला, कुणाचा डबा भरलेला. परत येणारं टपाल मूळ लिहिणाऱ्याकडे जात होतं, कारण पाकिटावर त्याचंच नाव होतं. गुरुजींनी फोन करून गंभीरपणे विचारलं, "माझं काही चुकलं का?"

तेव्हा मी ठरवलं, की यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं ते बघूच.

या सॉफ्टवेअरची घराणी आहेत आणि मला त्यांचा अभ्यास करायला नको तेवढं आवडतं. लिस्टसर्व्ह १९८६ सालचं. एरिक टोमा नावाच्या पॅरिसमधल्या विद्यार्थ्याने ते बिटनेट या विद्यापीठांच्या जाळ्यासाठी लिहिलं. यादीत नाव घालणं-काढणं तोपर्यंत कुणी तरी माणूस हाताने करायचा. १९९२ मध्ये ब्रेंट चॅपमनचा मेजरडोमो आला, पर्ल भाषेतला. त्याला पत्रातूनच हुकूम द्यायचे. लोक हुकमाचं पत्र चुकून सगळ्या यादीलाच पाठवायचे आणि शेकडो अनोळखी माणसांना कळायचं, की अमुक तमुक कंटाळला आहे. आमच्याकडे आजही महिन्यातून एकदा कुणी तरी सगळ्यांना लिहितंच, "कृपया मला काढा."

मग मेलमन. जॉन व्हीएगा याने तो पायथनमध्ये लिहिला, तो डेव्ह मॅथ्यूज बँडच्या चाहत्यांच्या यादीसाठी. पुढे त्याच्या डिस्कने मान टाकली आणि त्याच्याकडची मूळ प्रत गेली. केन मॅनहाइमरकडे एक प्रत होती, म्हणून मेलमन वाचला. बखरींच्या बाबतीत आपल्याकडे हेच होतं, मूळ पोथी गेलेली आणि कुणाच्या तरी माळ्यावरची नक्कल हाताशी. पुढची वीसेक वर्षं अर्ध्या जगाच्या याद्या मेलमन दोनवर चालल्या. दर महिन्याच्या एक तारखेला तो प्रत्येक सभासदाला त्याचा पासवर्ड उघड अक्षरांत पाठवायचा. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं.

मी मेलमन दोन डोळे मिटून बसवला असता. पण तो पायथन दोनवर चालायचा आणि त्या आवृत्तीची देखभाल २०२० च्या पहिल्या दिवशी संपली. २०२१ च्या डेबियन अकरातून तो काढूनच टाकला. उरला मेलमन तीन.

भाच्याने वेगळंच सुचवलं. "मावशी, लिस्टमंक बसव ना. आपल्याकडच्या कैलाश नाधनी लिहिलंय, एकच फाइल, खाली डेटाबेस, झालं." लिस्टमंक मी बघितलं आणि मला ते फार आवडलं. पण ते बातमीपत्रासाठी आहे, एकाने बोलायचं आणि हजारांनी ऐकायचं. आमच्याकडे एक जण कागद टाकतो आणि चाळीस जण त्यावर भांडतात. दोन्हीला इंग्रजीत 'मेलिंग लिस्ट'च म्हणतात, त्यामुळे शोधायला बसलं की निम्मे निकाल या दुसऱ्या जातीचे येतात आणि माणूस भलतंच काही बसवून बसतो. फ्रान्समधल्या विद्यापीठांचं सिंपाही बघितलं. दहा हजार विद्यार्थी असते तर घेतलं असतं.

तर मेलमन तीन. एक शनिवार-रविवार त्यात गेला. तो आता एक राहिलेला नाही. पत्रं हलवणारा गाभा वेगळा, सभासदांची वेबपानं वेगळी, जुनी पत्रं दाखवणारा हायपरकिटी वेगळा. गाभ्यातच डझनभर कामकरी, येणाऱ्या पत्रांचा एक, जाणाऱ्यांचा एक, परतलेल्यांचा एक, आणि प्रत्येक जण स्वतंत्र पायथन प्रक्रिया. दुपारपर्यंत माझं एक जीबीचं यंत्र स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी संपून डिस्कवर भागवत, धापा टाकायला लागलं. काही सेवा बंद केल्या, काहींना कमी माणसांत काम करायला लावलं, आणि रविवारी संध्याकाळी पहिलं चाचणीचं पत्र गेलं. मला अभिमान वाटला, हे कबूल करते.

सोमवारी गुरुजींनी पत्र टाकलं. विषयाच्या जागी खरी मोडी अक्षरं! युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सगळ्या लिप्यांच्या सामायिक तक्त्यात, मोडी २०१४ सालापासून आहे. गुरुजींनी नातवाकडून कळफलक बसवून घेतला होता आणि त्यांना तो मिरवायचा होता. पत्र सगळ्यांना पोचलं, पण जुन्या पत्रांच्या पानावर ते काही दिसेना. दोन तास मी नोंदी चाळल्या. देवनागरीच्या एका अक्षराला साठवणीत तीन बाइट लागतात, मोडीच्या अक्षराला चार. आणि जुनी पत्रं ज्या डेटाबेसात जातात त्या मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-आठ' नावाने अक्षरं साठवायचा जो प्रकार आहे, तो तीनच बाइटांपर्यंतची अक्षरं घेतो. चार बाइटांसाठी निराळ्या नावाचा प्रकार आहे आणि तो निवडायला मी विसरले होते. चूक सर्वस्वी माझी. इमोजी लावल्या असत्या तरी हेच झालं असतं, पण आमच्या गटात इमोजी कुणी वापरत नाही. अडकली ती मोडीच.

ते दुरुस्त केलं. खरी अडचण त्यानंतर आली. थोडं सविस्तर सांगते, कारण माझी निवड शेवटी तिच्यावर ठरली.

यादीतल्या प्रत्येक पत्राच्या विषयाआधी कंसात गटाचं नाव आणि पत्राच्या तळाशी गटाची माहिती व बाहेर पडायचा पत्ता, असं मी लावून ठेवलं होतं. जुन्या सेवेत तसं होतं, लोकांना सवय होती. आता काही जणांची पत्रं काही जणांना पोचेनाशी झाली, किंवा थेट स्पॅममध्ये जाऊन बसली. कारण शोधल्यावर अगदी सरळ निघालं. आज पत्र निघताना पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्यावर डीकिम नावाची सही करतो. ही सही मजकुरावरून आणि विषयासारख्या काही शीर्षकांवरून मोजून काढलेली असते. वाटेत एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. सही जुळली नाही आणि पाकिटावरचं नावही वेगळं असलं, तर काय करायचं, हे पाठवणाऱ्याचं डोमेन आधीच जाहीर करून ठेवतं. त्याला डीमार्क म्हणतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी 'सरळ नाकारा' असं जाहीर केलं, त्याच महिन्यात एओएलनेही केलं, आणि जगभरच्या याद्या एका रात्रीत मोडल्या. कारण याद्या पिढ्यानपिढ्या तेच करत आल्या होत्या, पत्र घ्यायचं, त्यात आपलं थोडं घालायचं आणि मूळ माणसाच्या नावाने पुढे पाठवायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनेही नियम आवळले. दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना ते सगळे लागू, पण निदान एक तरी ओळखीची खूण आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून उलट शोधता येणारं नाव एवढं लहानांनाही हवंच.

हे सगळं मी गुरुजींना फोनवर सांगत होते. माझी अपेक्षा होती की ते "बरं बरं" म्हणतील. ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मोर्तब."

"काय?"

"अगं, शिवाजीमहाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा असते. आणि शेवटी? 'मर्यादेयं विराजते'. मजकूर इथे संपला. त्याखाली कुणी एक ओळ जरी घुसडली, तरी वाचणाऱ्याला कळतं की ही ओळ पत्रातली नव्हे. पेशव्यांच्या कागदावर 'लेखनसीमा' असते, तेच. आणि तू काय करतेस? मोर्तबाच्या खाली आपली चार वाक्यं लिहितेस, वर विषयातही खाडाखोड करतेस, आणि मग म्हणतेस, कागद खोटा का ठरवला!"

वीस वर्षं मी या क्षेत्रात आहे. डीकिम इतक्या नेमकेपणाने मला कुणी समजावलं नव्हतं.

यावर मेलमनकडे उपाय आहे. 'कडून' या जागी मूळ माणसाचा पत्ता काढून यादीचाच घालायचा, आणि नावापुढे 'अमुक, गटामार्फत' असं लिहायचं. बहुतेक याद्या आज हेच करतात. आम्हीही पंधरा दिवस करून पाहिलं. सगळी पत्रं एकाच पत्त्यावरून येऊ लागली. ज्यांच्या फोनवर नाव अर्धंच दिसतं त्यांना कोण बोलतंय ते कळेना, आणि एका ताईंनी 'फक्त त्यांनाच' म्हणून पाठवलेलं उत्तर एकशेचाळीस जणांनी वाचलं. त्या उत्तरात एका ज्येष्ठ सभासदाच्या वाचनाबद्दल 'अंदाजपंचे' हा शब्द होता. पुढचा महिना कसा गेला ते सांगत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पत्राला हातच लावायचा नाही. विषय जसाच्या तसा, तळटीप नाही. यादीची माहिती वरच्या अदृश्य शीर्षकांत घालायची, त्यासाठी १९९८ पासून ठरलेल्या जागा आहेत आणि चांगले ईमेल प्रोग्राम त्यावरून बाहेर पडायचं बटण स्वतःच दाखवतात. मग मूळ सही शाबूत राहते आणि पत्र मूळ माणसाच्या नावानेच जातं. आमच्यासारख्यांना तर तळटीप तशीही त्रासाचीच. देवनागरी पत्र बहुधा बेस-चौसष्ट करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात, पाठवलं जातं. त्याच्या शेवटी साधा मजकूर नुसता चिकटवला तर कुठे तो दिसत नाही, तर कुठे त्याचा काला होतो.

आता हातच लावायचा नाही म्हटल्यावर, हात लावायची दोनशे साधनं असलेलं सॉफ्टवेअर कशाला पोसायचं? मेलमनमध्येही हे सगळं बंद करता येतं. पण धापा टाकणारं यंत्र समोर होतं.

मग मी एमएलएमएमजे बसवलं. नाव उच्चारायला अवघड आहे, ते माहीत आहे. मॅड्स मार्टिन योर्गेनसनने सी भाषेत लिहिलेलं, डॅनियल बर्नस्टाइनच्या ईझेडएमएलएम या जुन्या यादी-सॉफ्टवेअरच्या वळणाचं. ईझेडएमएलएमला क्यूमेल ही टपालसेवाच लागते, हे मात्र कुठल्याही टपालसेवेबरोबर चालतं. त्याचा कायमचा चालू असा कुणी कामकरीच नाही. पत्र आलं की पोस्टफिक्स त्याला उठवतो, ते काम करतं आणि झोपतं. दर दोन तासांनी एक झाडूवाला येऊन परतलेली पत्रं, अर्धवट राहिलेल्या नोंदण्या वगैरे आवरून जातो. माझ्या यंत्राला ते बसवल्याचं कळलंसुद्धा नाही.

यात डेटाबेस नाही. प्रत्येक यादी म्हणजे एक फोल्डर. सभासद साध्या मजकुराच्या फाइलींत, पत्त्याच्या पहिल्या अक्षरानुसार. 'कंट्रोल' नावाच्या फोल्डरात सेटिंग्ज, आणि तिथली बहुतेक बटणं म्हणजे रिकाम्या फाइली. फक्त सभासदांनाच लिहू द्यायचंय? त्या नावाची रिकामी फाइल तयार करा. नको झालं? पुसा. असली तर चालू, नसली तर बंद. सगळ्या यादीचा कारभार फोल्डरात नुसतं डोकावून कळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरातल्या मिसळणाच्या डब्यासारखं वाटलं, झाकण उघडलं की काय संपलंय ते दिसतं.

गुरुजींची उलट पत्रं इथे थांबली. प्रत्येक सभासदाला जाणाऱ्या पाकिटावर वेगळा परतीचा पत्ता असतो आणि त्यातच त्या सभासदाचा पत्ता गुंफलेला असतो. त्यामुळे परत आलेलं पत्र कुणाचं ते सॉफ्टवेअर स्वतःच ओळखतं. पाच दिवस एखादा पत्ता पत्रं परत करत राहिला, तर यादीतून आपोआप वगळला जातो.

उणीव काय, तर मेलमनसारखं तयार वेबपान नाही. ना सभासदांसाठी, ना चालकांसाठी. ज्या गटाचे तीन-चार चालक आहेत आणि कुणालाच काळी खिडकी उघडून हुकूम टाइप करायचे नाहीत, त्यांनी मोठं यंत्र घ्यावं आणि मेलमन तीनच बसवावा, मी आजही हेच सांगेन. मधली काही वर्षं एमएलएमएमजेचं काम थंडावलंही होतं आणि मला तीच धास्ती होती. पण २०२१ मध्ये फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीवाल्यांनी आपल्या याद्या मेलमनवरून त्यावर नेल्या, २०२३ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, याद्या जुन्या मेजरडोमोवरून त्यावर गेल्या, आणि कर्नलवालेही विषयाला किंवा तळाला हात लावत नाहीत. इतक्या चिकट माणसांनी घेतलंय म्हटल्यावर माझी भीती गेली.

त्याच्या मुख्य प्रोग्रामच्या नावात बरीच वर्षं स्पेलिंगची चूक होती. 'रिसीव्ह'मध्ये ई आणि आय यांची अदलाबदल. पुढे सुधारली. मी हे गटात गमतीने लिहिलं, तर एका सभासदाचं ताबडतोब उत्तर: "मोडीत ह्रस्व-दीर्घ नाही. चालायचंच."

आकाराची मर्यादा मात्र घालावी लागली. गुरुजी बारा-बारा एमबीचे कागद स्कॅन करतात. जोडलेली फाइल ईमेलमधून जाताना एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे बाराचे सोळा. त्याला एकशेचाळिसाने गुणा, एका पत्रामागे सव्वादोन जीबी बाहेर! आता आठ एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठा कागद सर्व्हरवर ठेवायचा आणि पत्रात दुवा द्यायचा. गुरुजींना हे आवडलेलं नाही. "कागद पत्राबरोबरच पाहिजे," ते म्हणतात. आमचा तह व्हायचा आहे.

जुनी पत्रं गेली असं सगळे धरून चालले होते. पण गुरुजींच्या टेबलावरच्या संगणकात थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम आहे आणि त्यांनी २००७ पासून एकही पत्र पुसलेलं नाही. सगळी एका भल्यामोठ्या फाइलीत. ती एका रात्रीत सुटी केली, प्रत्येक पत्राला क्रमांक दिला आणि यादीच्या जुन्या पत्रांच्या फोल्डरात ठेवली. इथे प्रत्येक पत्र म्हणजे एक फाइल आणि फाइलीचं नाव म्हणजे नुसता आकडा. गटाच्या पत्त्यात अधिक चिन्ह, 'गेट' आणि क्रमांक घालून कोरं पत्र पाठवलं, की ते जुनं पत्र जसंच्या तसं घरी येतं. मला हे वेबपानापुढे मागासलेलं वाटलं होतं. लोकांना भयंकर आवडलं. आमच्यातले बरेच जण पुण्याच्या पुराभिलेखागारात चिठ्ठी भरून पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मागवत आलेले. चिठ्ठी द्यायची, वाट बघायची, रुमाल येतो. आता पत्रांत सर्रास असतं, "चारशे बारा मागवून बघा, तिथे हाच हात आहे."

नोंदणीची, निरोपाची, 'खरंच बाहेर पडायचंय का' विचारणारी उत्तरं मी मराठीत लिहिली. त्याही साध्या फाइलीच आहेत. गुरुजींनी त्यातले तीन अनुस्वार सुधारले.

मागच्या महिन्यात ते म्हणाले, "तू उद्या परदेशी गेलीस तर हे कोण बघणार?" मी एका कागदात मावेल एवढं टिपण लिहून त्यांना दिलं. यादी कुठे आहे, सभासद कुठे, कुठली फाइल पुसली तर काय होतं, झाडूवाला किती वेळाने येतो. गुरुजींनी ते घेतलं, बोरूने सुबक मोडीत उतरवलं आणि आठ एमबीच्या आत बसवून त्या आठवड्याचा वाचनाचा कागद म्हणून गटाला पाठवलं. खाली 'लेखनसीमा'.

सात वाचनं आली. पाच जवळजवळ बरोबर होती. एकाने पोस्टफिक्सचं काय करावं ते न सुचून जागा सोडली होती. आणि सोलापूरच्या एका तरुण मुलीने, जी दोनच महिन्यांपूर्वी गटात आली आहे, फार मन लावून वाचलं होतं: "दर दोन घटकांनी सरोवर झाडून घ्यावे."